समितीवरची बाई

"त्याची काळजी नको, मॅडम. माझी गर्भपिशवी काढून टाकलीय," मुलगी म्हणाली. आवाज सरळ होता, थोड्या वेळापूर्वी जाड प्लेटच्या वेल्डिंगबद्दल विचारलं तेव्हा होता तसाच. समितीचे अध्यक्ष चलपती राव समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघायला लागले. नागभूषणमनी फाइलचं पान उलटलं आणि पुन्हा सुलटं केलं. विद्यापीठातून बोलावलेले म्हातारे प्रोफेसर सकाळपासून डोळे मिटून ऐकत होते, त्यांनी डोळे उघडले. कामेश्वरीला एकदम आपल्या तोंडाची जाणीव झाली. ओठांवर तिचं नेहमीचं मायाळू हसू तसंच राहिलं होतं आणि ते आवरून कुठं ठेवायचं हे तिला कळेना. प्रश्न तिनंच विचारला होता. हा प्रश्न नेहमी तीच विचारत असे. पूर्वी पुरुष विचारायचे, सरळ, पाय पसरून. मग वरून ताकीद आली की असलं काही विचारायचं नाही, आणि तिच्याच पाठोपाठ दुसरा नियम आला की प्रत्येक निवड समितीवर एक तरी बाई हवी. बायकांना न्याय मिळावा म्हणून. चलपती रावांनी दोन्ही नियम एकत्र वाचले आणि त्यातून वाट काढली. बाई उमेदवार समोर असली की सगळं विचारून झाल्यावर ते चष्मा काढून पुसायला घेत आणि म्हणत, "कामेश्वरीगारू, तुम्हाला काही विचारायचंय?" मग ती पुढं वाकून मावशीच्या आवाजात विचारायची, "घरी कोण कोण असतं, अम्मा? लग्नाला किती दिवस झाले? मग आता घरचे म्हणत असतील ना, पाळणा हलू दे म्हणून?" मुली लाजत, हसत, मोकळेपणी सांगून टाकत. बाईच विचारतेय म्हटल्यावर त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. हा प्रश्न कुणी लिहून घेत नसे. लिहून घ्यावं लागायचं नाही, तो सगळ्यांच्या लक्षात राहायचा.

गेदेला मौनिका नावाची ती मुलगी श्रीकाकुलमकडची होती, अंगानं काटक, सावळी, तेल लावून घट्ट विंचरलेल्या केसांची. लग्न होऊन वर्ष झालं होतं. ती नमस्कार करून बाहेर गेली आणि दार हळूच लागलं. "बिचारी," चलपती राव म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "पण एका अर्थी प्रश्नच मिटला." नागभूषणम हे माणसांच्या नेमणुका बघणारे अधिकारी; त्यांना कुठल्याही गोष्टीतला फायदा आधी दिसायचा. ते म्हणाले, "वरून सारखं विचारतात, बॉयलरच्या वर्कशॉपवर बाई का नाही म्हणून. ही घ्या बाई. आणि बाईचा त्रास नाही." प्रोफेसर हसले. चलपती राव हसले, पण अर्धंच, आणि दोघांनी कामेश्वरीकडे पाहिलं, हसायची परवानगी मागितल्यासारखं. तिला ती नजर इतक्या वर्षांच्या सवयीची होती की ओठ आपोआप हलले. "मुलगी हुशार आहे," ती म्हणाली. "हो हो, हुशार तर आहेच," चलपती राव म्हणाले, आणि सगळ्यांना हलकं वाटलं.

घरी जाताना गाडीत बसल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हरला दिसू नये म्हणून ती खिडकीकडे वळली. बंदराच्या बाजूची झाडं खनिजाच्या लाल धुळीनं माखलेली होती. आपण कुणासाठी रडतोय हे तिला नक्की कळलं नाही, पण रडणं गोड होतं. अशा गोड रडण्याला ती अलीकडे पारखी झाली होती. तिच्या स्वतःच्या मुलाखतीत समोर तीन पुरुष होते. त्यातल्या एकानं पान चघळत विचारलं होतं, "आणि लग्न झाल्यावर काय करणार? नवऱ्याला डबा पोचवणार का बॉयलर तपासणार?" ती म्हणाली होती, "मी लग्न करणार नाही." तेव्हा विश्वनाथमशी तिचं ठरलेलं होतं, लग्नाचा खण सासरच्यांकडून येऊन घरच्या पेटीत पडला होता. पुढं लग्नाच्या जेवणाला शॉपवरची माणसं आली तेव्हा एकानं पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ब्रह्मचारिणीबाईंच्या हातची पुलिहोरा वाढा रे," आणि सगळे खो खो हसले, तीही हसली. तिचं खोटं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. ते तसंच राहिलं, कारण त्यानंतर ती गाढवासारखी राबली. शॉपवर बायकांसाठी मोरी नव्हती. ऑफिसच्या इमारतीपर्यंत उन्हातून चालत जावं लागे आणि जाताना क्रेनवरचा माणूस वरून घंटी वाजवायचा, बाई निघाली म्हणून. मग ती पाणी पीतच नसे. दिवसभर जीभ टाळूला चिकटलेली, ओठांवर लोखंडाची चव. मुलगी झाली तेव्हा तिला तीन महिन्यांची असताना राजमहेंद्रीला आईकडे नेऊन ठेवलं. परत येताना गाडीत दूध येऊन ब्लाउज भिजला, समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं आपलं पांघरूण तिच्या अंगावर टाकलं. मुलगी पुढं तिला बरीच वर्षं 'विशाखपट्टणमची अम्मा' म्हणायची. आता ती मेलबर्नला असते, रविवारी फोन करते, नीट बोलते.

आणि दुसरं मूल. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रिफायनरीचा मोठा बॉयलर तयार होत होता, तपासणीची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती आणि चलपती राव, तेव्हा ते तिच्या बरोबरीचे होते, सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बघू या, मॅडम शेवटपर्यंत टिकतात का." तिनं अनकापल्लीला जाऊन एका डॉक्टरणीकडे ते पाडून घेतलं. जिथं कुणी ओळखत नाही म्हणून तिकडे गेली. परतीच्या बसमध्ये गुळाच्या बाजाराचा वास सगळीकडे भरला होता. तेव्हापासून गुळाचा पाक उकळायला लागला की ती स्वयंपाकघरातून बाहेर निघून जाते. नवऱ्याला सांगितलं, पडलं. विश्वनाथम बँकेतला साधा माणूस. तो देवघरात जाऊन बसला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "सिंहाचलमला जाऊन येऊ, अप्पन्नास्वामीच्या मनात असेल तर पुन्हा होईल." पुन्हा झालं नाही. बॉयलर मात्र उत्तम झाला.

मौनिका शॉपवर रुजू झाली ती कामेश्वरीच्याच हाताखाली. गोष्ट तिच्या आधीच शॉपवर पोचलेली होती. कोणी सांगितली हे विचारण्यात अर्थ नव्हता, चौघांपैकी कुणीही सांगितली असेल. फोरमन तिच्याशी जरा जास्तच अदबीनं वागायचे, देवाला सोडलेल्या गायीशी वागावं तसे, आणि पाठ वळली की म्हणायचे, "ही आपल्यातलीच. गडीच म्हणा." एकदा तर तिच्यासमोरच म्हणाले. ती म्हणाली, "गडी म्हणा नाहीतर गाय म्हणा, हा सांधा पुन्हा घासून भरा. आत भेग आहे," आणि पुढं गेली. कामेश्वरी वरच्या काचेमागून बघत होती. तिला ती मुलगी आवडायला लागली. शॉपवर आता बायकांची मोरी होती, तिनंच भांडून करून घेतली होती, आणि मौनिका भरपूर पाणी प्यायची, मोठी बाटली घेऊन हिंडायची, हे बघूनसुद्धा तिला बरं वाटे. कामेश्वरी डब्यात दोन माणसांचं आणायला लागली. मुद्दपप्पूचं घट्ट वरण, गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी, कधी आवकायचं लोणचं. "खा, अम्मा. तुला अंगात ताकद हवी. तुझ्या जिवाला काय काय सोसावं लागलंय," असं म्हणताना तिचा गळा भरून यायचा. मौनिका खाली बघून जेवायची. कधी वर बघून विचित्र हसायची. कामेश्वरीला ते हसू दुःखाचं वाटे. आपल्यासारखीच ही, असं तिला वाटे. हिच्याही आत एक रिकामी जागा आहे, फक्त हिची देवानं केली. आणि या शेवटच्या वाक्यापाशी तिला खरी ऊब मिळायची. स्वतःपेक्षा जास्त गमावलेलं माणूस रोज दुपारी समोर बसून आपल्या हातचं खातंय, ही ऊब. इतक्या वर्षांत नोकरीत तिला असं माणूस मिळालं नव्हतं.

पावसाळा संपून हवा जरा कोरडी झाली तेव्हा एक दिवस मौनिका तिच्या केबिनमध्ये आली आणि दार लावून घेतलं. वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे काढायचं काम असे, त्यासाठी शॉप रिकामं करून मोजकी माणसं आत थांबत. ती म्हणाली, "मॅडम, एक्स-रेच्या पाळीला माझं नाव लावू नका. आता मला त्या वेळी आत थांबता येणार नाही."

"का गं?"

"तिसरा महिना आहे."

कामेश्वरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं विचारलंसुद्धा, "कुणाला?"

मौनिका हसली. तेच हसू होतं, दुपारच्या जेवणातलं. "मला, मॅडम. पिशवी आहे माझी जागेवर. तेव्हा तसं म्हणाले, कारण दुसरं काय म्हणणार? आधी दोन ठिकाणी खरं बोलले होते. 'घरचे म्हणतात, पण इतक्यात नाही,' असं. दोन्हीकडे नाव लागलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, प्रश्नाचं मूळच उपटून टाकू." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघून हसलात ना. मी घरी जाऊन सांगितलं, समितीवरच्या बाईंनी ओळखलं, पण आत घेतलं. आणि रोज डबा आणता. म्हटलं, दोघींना माहीत आहे, बोलायची गरज नाही."

बाहेर क्रेन चालली होती, काच थरथरत होती. कामेश्वरी टेबलावरच्या चहाच्या डागाकडे बघत राहिली. तिला राग आला नाही. रागाच्या आधी एक वेगळीच गोष्ट आली, चालत्या जिन्यावरून उतरल्यावर जमीन सरकते तसं झालं. इतके महिने ती जिला भरवत होती ती मुलगी नव्हतीच. समोर बसलेली ही भरल्या कुशीची, पाणी पिणारी, कुणी भलतीच होती, आणि ही तिच्या भरून आलेल्या गळ्याकडे बघत मनात म्हणत होती, मॅडम काय नाटक करतात. "जा तू," कामेश्वरी म्हणाली. "मी बघते." मौनिकानं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि ती गेली. जाताना डबा घेऊन गेली, धुवून आणते म्हणाली.

पाळीच्या कागदावरून एक नाव खोडलं असतं तर काम भागलं असतं. दुसऱ्या कुणाचं लावता आलं असतं, कुणी विचारलं नसतं, निदान पोट दिसेपर्यंत तरी. तोवर प्रोबेशन संपलं असतं. हे सगळं तिला त्या संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना दिसत होतं. विश्वनाथम कुंड्यांना पाणी घालत होता. तिनं त्याला सांगितलं. तो हातातली झारी तशीच धरून हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "शाब्बास," म्हणाला. "तुम्हा सगळ्यांना बनवलं पोरीनं. मुलगा होवो की मुलगी, अक्कल आईची येऊ दे." तिला त्या हसण्याचा असा संताप आला की हातातली चादर तिनं पुन्हा दोरीवर फेकली. "त्यात हसण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला, "अगं, मग काय रडायचं? तूही म्हणाली होतीसच की, लग्न करणार नाही." "ते वेगळं होतं," ती म्हणाली. ते वेगळं होतं, कारण त्या खोट्याची किंमत तिनं भरली होती. कणाकणानं, पाण्याचा घोट न घेता, दुधानं भिजलेल्या ब्लाउजनं, अनकापल्लीच्या त्या बाकावर पाय वर घेऊन. आणि ही पोरगी एक वाक्य बोलून आत आली, आता मूलही घेणार, नोकरीही ठेवणार, दोन्ही हातांत दोन्ही. कुणी हिला विचारणार नाही की तू काय दिलंस. मग आपण जे दिलं ते कशासाठी होतं? ते द्यायची गरजच नव्हती, असं जर असेल, तर. इथं येऊन तिचं मन थांबायचं, विहिरीच्या काठाशी बैल थांबावा तसं, आणि मागे वळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नागभूषणमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "एक्स-रेच्या पाळीतल्या बाईला दिवस गेले असतील तर सुरक्षा विभागाला कळवावं लागतं. नियम आहे." हे तिनं नियम म्हणून सांगितलं. नागभूषणम आधी समजलेच नाहीत. समजल्यावर त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, मग फोन उचलला.

चलपती रावांनी तिला बोलावलं तेव्हा ते चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. आपण एका पोरीची कीव केली आणि तिनं आपल्याला फसवलं याचं त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "मी घरी बायकोला सांगितलं होतं हो तिच्याबद्दल," ते म्हणाले. "बायकोनं तिच्यासाठी देवाला दिवा लावला." कायद्याचं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. गरोदर बाईला काढता येत नाही. पण खोटी माहिती देऊन नोकरी मिळवली असेल तर गोष्ट निराळी. मात्र तिला जर तसा प्रश्न विचारला गेला असेल, तर तो प्रश्नच बेकायदेशीर, आणि बेकायदेशीर प्रश्नाला दिलेलं खोटं उत्तर धरता येत नाही. उलट समितीच अडकते. "म्हणजे सगळं यावर आहे, की प्रश्न विचारला गेला का," चलपती राव म्हणाले. "मी विचारला नाही. नागभूषणमनी नाही. प्रोफेसरांना तर काही आठवतच नाही. राहिलात तुम्ही." त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. ती त्या हातांकडे बघत होती. "सरव्यवस्थापकाच्या जागेसाठी तुमचं नाव पुढं गेलंय हे तुम्हाला ठाऊक आहेच," ते म्हणाले. "या कारखान्यात पहिली बाई. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. मी फक्त सांगतोय." मग जरा हसून म्हणाले, "खरं सांगू का, मी तुम्हाला कधी बाई समजलोच नाही. तुम्ही आमच्यातल्याच." हे ते तिचा गौरव म्हणून म्हणाले, आणि तिच्या अंगावरून तो गौरव गरम तेलासारखा ओघळला, तरी ती म्हणाली, "थँक्यू सर."

चौकशी छोट्या मीटिंग रूममध्ये झाली. हैदराबादहून एक अधिकारी आले होते, थकलेले, परतीच्या विमानाची चिंता असलेले. मौनिका खुर्चीच्या कडेवर बसली होती, ओढणी पोटावरून घेतलेली. ती घाबरलेली नव्हती. कामेश्वरी आत येताना तिनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा जरासा सैलावला, आपलं माणूस आलं की सैलावतो तसा. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "तुम्ही समितीसमोर असं असं म्हणालात का?" ती म्हणाली, "म्हणाले. मला विचारलं म्हणून म्हणाले. लग्न, मूल, सगळं विचारलं. मॅडमनी विचारलं, पण मॅडमचा त्यात दोष नाही सर. त्यांना विचारायला लावतात. त्या स्वतःच सांगतील." अधिकारी कामेश्वरीकडे वळले. "तुम्ही समितीवरच्या महिला सदस्य. असा प्रश्न विचारला गेला होता?"

त्या क्षणी तिला बढतीची आठवण नव्हती. हे तिनं नंतर स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं, की मी बढतीसाठी बोलले, माणूस लोभी असतो, त्यात काय मोठंसं. पण ते खरं नव्हतं. लोभ असता तर बरं झालं असतं. तिला फक्त तो चेहरा दिसत होता, तिच्यावर विसंबून सैलावलेला, आणि ओढणीखाली किंचित वर आलेलं पोट, आणि त्यावर सहज, नकळत ठेवलेला हात. त्या हाताला माहीतही नव्हतं तो काय धरून आहे. कामेश्वरीला वाटलं, तो हात तिथून उचलावा. बस एवढंच वाटलं. "नाही," ती म्हणाली. "असले प्रश्न आमची समिती विचारत नाही. मी स्वतः तिथं असते, मी विचारू देणार नाही. ती आपणहून बोलली. आम्हाला सगळ्यांना फार वाईट वाटलं." आवाज छान लागला होता. मावशीचा आवाज. मौनिका फक्त नीट बघायला लागली, शॉपवर सांध्याची फिल्म दिव्यासमोर धरून बघायची तशी, भुवया जवळ आणून, आत कुठवर भेग गेलीय ते शोधत. मग तिनं पोटावरचा हात काढला आणि टेबलावर ठेवला.

महिन्याच्या आत मौनिकाची नोकरी गेली आणि त्याच सुमाराला कामेश्वरीची बढतीची ऑर्डर आली. चलपती रावांनी पेढे मागवले. दिल्लीला कारखान्यातल्या बायकांचे आकडे पाठवायचे होते, नागभूषणम कागदावरून नजर न काढता म्हणाले, "एक गेली, एक वर गेली. बेरीज-वजाबाकी करून आपण पुढंच आहोत." लोक हार घेऊन येत होते. शॉपवरचे फोरमनही आले. त्यांच्यातला एक, सगळ्यात जुना, हार घालता घालता म्हणाला, "तुम्ही खऱ्या मर्द निघालात, मॅडम," आणि बाजूच्यांनी माना डोलावल्या. मौनिकाच्या जागी एक मुलगा आला. संध्याकाळी विश्वनाथमनं तिच्याकडून पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कुंडीच्या कठड्यावर मुंग्यांना ठेवला. चौकशीच्या दिवसापासून तो तिला नोकरीतलं काहीच विचारत नव्हता, फक्त भात हवा का, गोळी घेतली का, एवढंच.

मग एक दिवस गेटवरून फोन आला की कुणी म्हातारी भेटायला आलीय, ऐकत नाही. म्हातारी आत आली ती हळदीकुंकवाची थाळी घेऊनच. नाव अप्पलनरसम्मा, गाजुवाक्याला राहणारी, मौनिकाची सासू. कामेश्वरी उभी राहिली. तिला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि तिला आश्चर्य वाटलं की आपण त्या शिव्यांची वाट बघतोय, कोरड पडलेल्या घशानं पाण्याची बघावी तशी. म्हातारीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "अम्मा, तुमचे उपकार कसे फेडू," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून सांगत होते, लोखंडात काम करणाऱ्या बाईचं पोट लोखंडाचं होतं. ऐकेल तर शपथ. माझा मुलगा बंदरावर आहे, मिळवतो, कमी काय आहे? आणि ही बया चारचौघांत म्हणते पिशवी नाही. जित्याजागत्या कुशीला असा शाप देते कुणी? तुम्ही खरं बोललात म्हणून ती घरी आली. आता सातवा लागला. येत्या शुक्रवारी सीमंतम आहे, बांगड्या भरायच्यात. पहिली बांगडी तुमच्या हातची. नाही म्हणू नका, तुमच्यासारखी सवाष्ण, मोठ्या जागेवरची, हात लागला तर पोरीचं भलं होईल."

नाही म्हणता आलं असतं. मीटिंग होती, खरीच होती. पण शुक्रवारी ती रेशमी साडी नेसून गाजुवाक्याला गेली. शिव्या देणारी माणसं तिला आता हवी होती, आणि ती आणखी कुठं मिळतील हे तिला माहीत नव्हतं. घर एका गल्लीत होतं, दाराला आंब्याची डहाळी, आत बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मौनिकाला मधोमध पाटावर बसवलं होतं, गालांना चंदन, पायांना हळद, ओटीत चलिमिडीचा, तांदळाच्या पिठाचा गुळात मळलेला गोळा. गुळाचा वास घरभर. कामेश्वरी दाराची चौकट धरून थांबली. "ह्याच त्या मोठ्या मॅडम," सासूनं सगळ्यांना सांगितलं. "ह्यांनीच आमची सून आम्हाला परत दिली." बायकांनी सरकून जागा केली, एकीनं तिच्या पदराला अत्तर लावलं. मौनिकानं वर पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिनं हात पुढं केला.

तो हात कामेश्वरीनं हातात घेतला. मनगट अजून कामाचंच होतं, कोपरापासून खाली ठिणग्यांचे बारीक काळे ठिपके. काचेची हिरवी बांगडी बोटांच्या सांध्यांपाशी अडली. "ढिला सोड," कोणी म्हणालं. हात ढिला सुटला नाही, ताठही झाला नाही. बायकांनी गाणं धरलं. त्या आवाजाच्या आडोशाला मौनिका पुढं वाकली, आशीर्वाद घ्यायला वाकावं तशी, आणि कानाशी म्हणाली, "मुलगी झाली तर तुमचं नाव ठेवायचं म्हणतात सासूबाई."

कामेश्वरीनं मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे.

"मी हो म्हटलंय," मौनिका म्हणाली. "ती मोठी होऊन विचारेल ना, माझं नाव असं का. तेव्हा सांगायचं आहे मला."

बांगडी एकदम आत गेली आणि मनगटावर जाऊन बसली. मौनिका सरळ होऊन बसली आणि तिनं हात तसाच पुढं धरून ठेवला. सासू कौतुकानं बघत होती. "काय सांगितलं गं मॅडमना?" तिनं विचारलं. मौनिका म्हणाली, "आशीर्वाद मागितला." बायका हसल्या. थाळीत अजून पुष्कळ बांगड्या होत्या. "आता थांबू नका, अम्मा," सासू म्हणाली, "तुमचा हात हलका आहे. दोन्ही हात तुम्हीच भरा."